वित्तीय सल्लागारी की कन्सल्टिंग? दोन ऑफर हाती असलेल्या गोव्यातील तरुणांसाठी मार्गदर्शन

वाणिज्य पदवी, एमबीए किंवा सीए पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्यांच्या हाती कधी कधी एकाच आठवड्यात दोन ऑफर येतात. एका पत्रावर ‘फायनान्शियल अ‍ॅडव्हायझरी’ असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘कन्सल्टिंग’. घरात चर्चा सुरू होते ती पगाराच्या आकड्यावरून आणि कंपनीच्या नावावरून, आणि उत्तर चार दिवसांत द्यायचे असल्यामुळे बहुधा तिथेच संपते. मी स्वतः या दोन्ही प्रकारच्या ऑफर तोलून निवड केली आहे आणि पुढे दोन्हीकडच्या सहकाऱ्यांबरोबर काम केले आहे. माझे ठाम मत असे आहे की पहिल्या नोकरीत पगार आणि नाव यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी : पहिली दोन वर्षे तुमच्या टेबलावर नेमके कोणते काम येणार आहे आणि ते तपासून, चुका दाखवून परत देणारी व्यक्ती कोण असणार आहे. पुढील पायऱ्या याच प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी लिहिल्या आहेत.

१. पदनाम बाजूला ठेवून कामाचा प्रकार ओळखा

‘वित्तीय सल्ला’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळ्या नोकऱ्या दिल्या जातात आणि सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार व्यवहारांशी संबंधित आहे. एक कंपनी दुसरी विकत घेते, एखादा फंड भागभांडवल गुंतवतो, बँक थकलेल्या कर्जाची पुनर्रचना करते. अशा वेळी ड्यू डिलिजन्स (म्हणजे व्यवहारापूर्वी कंपनीच्या हिशेबांची आणि देण्यांची सखोल तपासणी), मूल्यांकन आणि पुनर्रचना यांचे काम सल्लागार करतात. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चारही मोठ्या संस्थांत असे विभाग आहेत. कोणी त्यांना ‘डील्स’ म्हणते, कोणी ‘ट्रान्झॅक्शन अ‍ॅडव्हायझरी’. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आल्यानंतर त्यांत नादारीशी निगडित कामाचीही भर पडली. इथे नवख्याचा बहुतेक वेळ एक्सेलमध्ये जातो. दाखवलेला नफा दरवर्षी टिकणारा आहे की एखाद्या वर्षी जमीन विकून आलेला आहे, खेळते भांडवल हंगामानुसार किती वरखाली होते, ताळेबंदात न दिसणारी देणी कोणती आहेत, हे शोधायचे असते. ज्याला हिशेबाच्या मुळाशी जाण्याची आवड आहे, त्याला यासारखे शिक्षण दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

दुसरा प्रकार व्यक्ती आणि कुटुंबे यांच्या संपत्तीच्या नियोजनाचा. सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाच्या २०१३ च्या गुंतवणूक सल्लागार नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागार आपले शुल्क थेट ग्राहकाकडून घेतो. म्युच्युअल फंडाचा वितरक मात्र फंड कंपनीकडून कमिशन घेतो. १ जानेवारी २०१३ पासून फंडांचे ‘डायरेक्ट प्लॅन’, म्हणजे वितरकाच्या कमिशनाविना थेट घेता येणारे पर्याय, उपलब्ध झाले, तेव्हापासून या दोन वाटांमधला फरक ग्राहकालाही आकड्यांत दिसू लागला. ऑफर देणारी संस्था यांपैकी कोणत्या वाटेवर आहे हे विचारून घ्या. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. वितरकाकडे ‘एआरएन’ हा वितरक म्हणून नोंदणीचा क्रमांक असतो. परीक्षाही वेगळ्या आहेत : सल्लागारासाठी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या दहा-ए आणि दहा-बी, वितरकासाठी पाच-ए.

तिसरा प्रकार म्हणजे विक्री. विमा कंपन्या आणि बँका ज्या पदाला ‘फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’ म्हणतात, त्यात अनेकदा पॉलिसी आणि योजना विकण्याचे मासिक लक्ष्य असते आणि काही ठिकाणी पगाराऐवजी केवळ कमिशन असते. हे काम प्रामाणिकपणे करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण विश्लेषण शिकायला निघालेल्याने ते विश्लेषणाचे काम समजून स्वीकारू नये. ‘माझ्यावर विक्रीचे लक्ष्य असेल का, आणि ते पूर्ण न झाल्यास काय होते?’ हा प्रश्न मुलाखतीच्या अखेरीस सभ्य शब्दांत जरूर विचारावा. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे.

कन्सल्टिंगची स्थितीही फार वेगळी नाही. व्यूहरचनेचा सल्ला, कारखान्यातील किंवा कार्यालयातील कामाची फेररचना, एसएपीसारख्या संगणकप्रणालीची उभारणी आणि सरकारी खात्यांसाठी प्रकल्प व्यवस्थापन, ही सारी कामे त्याच एका नावाने ओळखली जातात. गोव्यातील ऑफरमध्ये शेवटचा प्रकार बराच आढळतो. सल्लागार संस्थेचा माणूस एखाद्या खात्यात बसून निविदा, अहवाल आणि सादरीकरणे तयार करतो. शासन कसे चालते हे त्यातून उत्तम कळते, परंतु प्रकल्पाची मुदत संपल्यावर तुमचे काय होणार हे आधीच स्पष्ट करून घ्यायला हवे.

२. पत्र कोणत्या कंपनीचे आहे ते नीट वाचा

बोधचिन्ह एकच असले तरी पत्राखाली असलेले कंपनीचे नाव वेगळे असू शकते. मोठ्या सल्लागार संस्थांची भारतातील ग्राहकांसाठी काम करणारी शाखा वेगळी असते आणि परदेशातील सहयोगी संस्थांना सेवा पुरवणारी केंद्रे वेगळी. ईवाय जीडीएस किंवा डेलॉइट यूएसआय ही अशा केंद्रांची नावे तुम्ही ऐकली असतील. दुसऱ्या प्रकारात ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात असतो, कामाच्या वेळा त्याप्रमाणे सरकतात आणि कामाचा एखादाच तुकडा तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता अधिक असते. त्याच्या मोबदल्यात आंतरराष्ट्रीय पद्धतींची ओळख होते आणि कामात शिस्त येते. दोन्ही मार्ग चांगलेच आहेत. एकाचे नाव ऐकून दुसऱ्यात दाखल होणे तेवढे टाळावे.

सरकारी प्रकल्पांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. नेमणूक सल्लागार संस्थेच्या स्वतःच्या पटावर आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसऱ्या कंपनीमार्फत आहे, हे पत्रातच कळते. छोटी किंवा अपरिचित कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूलभूत नोंद पाहता येते आणि भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर ती आस्थापना नोंदलेली आहे का तेही शोधता येते. नोकरीसाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपचे पैसे मागणाऱ्या कोणालाही एक रुपयासुद्धा देऊ नये.

३. पहिल्या दोन वर्षांचे काम प्रश्न विचारून काढून घ्या

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या. मनुष्यबळ विभागाशी बोलून भागत नाही, कारण त्यांच्याकडे असते ते पदाचे वर्णन. ऑफर मिळाल्यानंतर, होकार देण्यापूर्वी, ‘ज्या गटात मी येणार आहे त्यातील दोन वर्षे काम केलेल्या एखाद्या व्यक्तीशी मला बोलता येईल का?’ अशी विनंती ईमेलने करावी. अशी विनंती उद्धटपणाची मानली जात नाही. ती भेट घडवून देणारी संस्था नवख्यांकडे लक्ष देते, असा माझा अनुभव आहे.

त्या व्यक्तीला मते विचारू नयेत, घटना विचाराव्यात. ‘इथले वातावरण कसे आहे?’ या प्रश्नाला ‘चांगले आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी असे विचारावे :

- गेल्या महिन्यात तुम्ही कोणत्या कामावर होता आणि त्यातला कोणता भाग तुम्ही स्वतः केलात?
- तुमचे मॉडेल किंवा अहवाल कोणी तपासला आणि किती वेळा परत आला?
- ग्राहकासमोर तुम्ही पहिल्यांदा कधी बोललात?
- तुमच्याबरोबर रुजू झालेले लोक आता कुठे आहेत?
- दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात तुम्ही काय करत होता?

शेवटचा प्रश्न कन्सल्टिंगसाठी फार महत्त्वाचा आहे. प्रकल्पावर नसलेल्या काळाला तिथे ‘बेंच’ म्हणतात, आणि तुमच्या एकूण तासांपैकी किती तासांचे शुल्क ग्राहकाकडून वसूल झाले यावर वार्षिक मूल्यमापनाचा काही भाग अवलंबून असतो. नवखा माणूस स्वतः प्रकल्प आणत नाही. त्याला कोणीतरी प्रकल्पावर घ्यावे लागते. म्हणून प्रकल्पवाटप केंद्रीय पद्धतीने होते की ओळखीने, हे जाणून घ्यावे. ज्याला ओळखी करून घ्यायला वेळ लागतो, अशा शांत स्वभावाच्या मुलांना ओळखीवर चालणारी पद्धत पहिल्या वर्षी फार जड जाते. मूल्यांकन किंवा ड्यू डिलिजन्सच्या लहान गटात ती लवकर रुळतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

कौशल्य पुढे कुठे उपयोगी पडेल याचाही विचार याच टप्प्यावर करावा. मूल्यांकनाचा अनुभव मोजण्याजोगा असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खाली नोंदणीकृत मूल्यांकक होण्यासाठी पात्रतेबरोबर अनुभवाची वर्षेही लागतात आणि परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे आज केलेले काम उद्याच्या अर्जात धरता येते. कन्सल्टिंगमध्ये असे प्रमाणपत्र हाती येत नाही. तिथे एखाद्या उद्योगाची सखोल ओळख हीच कमाई असते. पहिल्या दोन वर्षांत औषधनिर्माण, मग बँक, मग पर्यटन अशी धरसोड झाली तर सांगण्यासारखे काही उरत नाही. कन्सल्टिंगकडे कल असेल तर कोणत्या उद्योगाच्या गटात घेणार हे पत्रात नसले तरी ईमेलवर लिहून घ्यावे.

४. पगाराचा आकडा उलगडून पाहा

सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च; तो हातात येणारा पगार नव्हे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्षाला ९ लाखांची ऑफर पुण्यातली आहे, त्यात १ लाख कामगिरीवर अवलंबून आहेत आणि मूळ वेतन ४,५०,००० आहे. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के वाटा ५४,००० होतो आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद सुमारे २१,६४५. हे तिन्ही वजा केल्यावर ७,२४,३५५ उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा १२ टक्के वाटा, म्हणजे आणखी ५४,०००, आणि महाराष्ट्राचा २,५०० रुपये व्यवसायकर गेला की वर्षाचे ६,६७,८५५ राहतात. महिन्याला साधारण ५५,६५० रुपये. नऊ लाखांना बाराने भागून ७५,००० धरणाऱ्याचे घरभाड्याचे गणित इथेच कोसळते. या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही, कारण २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट आहे आणि नोकरदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते.

काही कंपन्या निर्वाह निधीचा वाटा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर काढतात, म्हणजे महिना १,८०० रुपयेच भरतात. तेव्हा हातात जास्त येते, बचत कमी होते; दोन ऑफर तोलताना दोन्ही एकाच पद्धतीने मांडा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारणतः पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते, म्हणून दोन-तीन वर्षांत नोकरी बदलण्याचा विचार असलेल्याने ती रक्कम शून्य धरावी. कामगिरीवरील रक्कम गेल्या वर्षी त्या गटाला प्रत्यक्ष किती मिळाली, हे तिसऱ्या पायरीवर भेटलेल्या व्यक्तीला विचारावे.

५. अटींचे पान शांतपणे वाचा

नोटीसचा कालावधी तीस दिवसांचा आहे की नव्वद, हे पहिल्याच ओळीत पाहा. पुढच्या नोकरीच्या वेळी नव्वद दिवस थांबायला सर्वच कंपन्या तयार नसतात. जॉइनिंग बोनस मिळत असेल तर तो ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, आणि ती परतफेड करकपातीपूर्वीच्या रकमेची आहे का तेही विचारून घ्यावे.

सेवाबंधाची, म्हणजे बाँडची अट असेल तर रक्कम आणि कालावधी दोन्ही पाहून मगच सही करावी. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर त्याच क्षेत्रात काम करण्यास मनाई करणारी अट सहसा टिकत नाही. परंतु नोकरीत असतानाच्या मुदतीचा बाँड ही निराळी गोष्ट आहे. एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये २ लाख रुपयांच्या अशा बाँडची अट वैध ठरवली. तेव्हा ‘बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो’ या ऐकीव वाक्यावर विसंबू नये.

वित्तीय सल्लागारीत आणखी एक अट असते, जिची कल्पना घरच्यांना नसते. लेखापरीक्षण करणाऱ्या मोठ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांना आपल्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या शेअरगुंतवणुकीची माहिती द्यावी लागते, आणि काही कंपन्यांचे शेअर ठेवता येत नाहीत. खरेदी-विक्रीच्या व्यवहारांवर काम करताना सेबीचे २०१५ चे अंतर्गत माहितीविषयक नियमही (जाहीर न झालेल्या माहितीवर शेअरव्यवहार करण्यास मनाई करणारे) लागू होतात. घरातले डिमॅट खाते तुमच्या नावावर असेल आणि व्यवहार वडील करत असतील, तर रुजू होण्यापूर्वीच ते खाते मार्गी लावावे.

६. गोव्यात राहायचे की बाहेर जायचे, हा प्रश्न वेगळा काढून तपासा

घरापासून दूर जाण्याची ओढ किंवा भीती कामाच्या निवडीत मिसळली की निर्णय बिघडतो. त्यामुळे या प्रश्नाला मी स्वतंत्र पायरी दिली आहे.

मोठे व्यवहार मुंबईत होतात हे खरे आहे. ड्यू डिलिजन्स किंवा मूल्यांकन खोलवर शिकायचे असेल तर काही वर्षे मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू गाठणे मी उचित मानतो. मडगावहून निघणाऱ्या गाड्या आणि मोपाचा विमानतळ यांमुळे घरी येणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. पण ‘गोव्यात राहिलास तर वाढ नाही’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. पणजी, मडगाव किंवा म्हापशातील चांगल्या सीए फर्ममध्ये पहिल्याच वर्षी उद्योजकासमोर बसण्याची संधी मिळते, जी मोठ्या संस्थेत कैक वर्षे मिळत नाही. हॉटेल, बांधकाम, औषधनिर्माण, जहाजबांधणी आणि २०१२ पासून वारंवार थांबलेला खाणउद्योग, यांचे हिशेब एकाच कार्यालयात पाहायला मिळतात.

आणि कुटुंबांच्या संपत्तीविषयीच्या सल्ल्यात गोव्याची जागा भारतात वेगळीच आहे. इथे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि आयकरातही पगार वगळता बाकीचे उत्पन्न दोघांत समान विभागून दाखवले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ५ए म्हणून होती. वारसाचे वाटप २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्याखालील ‘इन्व्हेंटरी’ (मालमत्तेची यादी करून न्यायालयामार्फत वाटणी) प्रक्रियेतून होते आणि मृत्युपत्राने सारी मालमत्ता मनाजोगी देता येत नाही, कारण मुलांसारख्या वारसांचा निम्मा हिस्सा राखीव असतो. त्यात आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये असलेले भाऊबहीण जोडा. एनआरओ खाती (अनिवासी भारतीयांची भारतातील बँक खाती), दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार, वडिलोपार्जित घराची विक्री. मुंबईहून आलेला अनुभवी सल्लागारही इथे अडखळतो. हे ज्ञान राज्याबाहेर फारसे चालत नाही, पण इथे त्याला तोड नाही, आणि ते एखाद्या जाणत्या ज्येष्ठाच्या हाताखालीच येते. असा ज्येष्ठ ज्या फर्ममध्ये आहे, तिची ऑफर कमी पगाराची असली तरी मी ती गंभीरपणे विचारात घेईन.

एक व्यावहारिक बाबही ध्यानात ठेवावी. करलेखापरीक्षणाच्या अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर असते आणि चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरातच येते. करविषयक काम असलेल्या गटात जाणार असाल तर चतुर्थीच्या रजेची पद्धत आधी विचारा. गोव्यातील फर्मना ती सांगावी लागत नाही. बाहेरच्या कार्यालयात पाच दिवसांच्या गणपतीसाठी सुटी का हवी, हे समजावून द्यावे लागते.

७. कागदपत्रे तयार ठेवा

पार्श्वभूमी तपासणीत पत्रव्यवहार लांबतो तो बहुधा एखाद्या जुन्या कागदासाठी. पुढील गोष्टी स्कॅन करून एका जागी ठेवाव्यात :

- दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका. गोवा विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र अद्याप मिळाले नसेल तर तात्पुरते प्रमाणपत्र
- सीए असल्यास आर्टिकलशिप पूर्ण झाल्याचा दाखला आणि सदस्यत्व क्रमांक
- पॅन, आधार, पासपोर्ट. तिन्हींवर नावाचे आणि आडनावाचे स्पेलिंग सारखे आहे का ते तपासून
- आधीची नोकरी असल्यास कार्यमुक्तीचे पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगारावरील करकपातीचा दाखला) आणि यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायम क्रमांक)
- एनआयएसएम, सीएफए किंवा अन्य परीक्षांचे निकाल

स्पेलिंगचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण गोव्यातील आडनावे रोमी लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात आणि ‘नाईक’ किंवा ‘गावकर’ यांची शाळेतली आणि आधारवरची रूपे जुळत नाहीत. दुरुस्तीला वेळ लागतो; ऑफरची वाट न पाहता ती करून घ्यावी.

८. मुदत मागा आणि उत्तर लेखी द्या

एका ऑफरची मुदत संपत आली असेल आणि दुसरीचे पत्र यायचे असेल, तर पहिल्या कंपनीला थेट लिहावे : ‘आपली ऑफर मी गांभीर्याने विचारात घेत आहे, निर्णयासाठी अमुक तारखेपर्यंत मुदत द्यावी ही विनंती.’ निश्चित तारीख असलेली विनंती सहसा मान्य होते. तोंडी आश्वासनावर सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. कंपनीचे नाव, पद, ठिकाण, पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख असलेले पत्र हाती आल्यावरच द्यावा.

दोन्हीकडे होकार देऊन शेवटच्या दिवशी एकाला टाळण्याचा सल्ला काही मित्र देतील. तो मानू नका. वित्तीय क्षेत्राचे वर्तुळ लहान आहे आणि गोव्यात तर त्याहून लहान. ज्या ज्येष्ठाला तुम्ही ताटकळत ठेवले, तोच पुढे एखाद्या व्यवहारात समोरच्या बाजूला बसलेला आढळतो. नकार द्यायचा तर निर्णय झाला त्याच दिवशी, मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीला आधी फोन करून आणि मग मनुष्यबळ विभागाला दोन ओळींच्या ईमेलने कळवावे. कारण द्यायचे झाल्यास कामाच्या स्वरूपाचे द्यावे. दुसऱ्या कंपनीचा आकडा सांगू नये, कारण तो सांगितला की पगाराची घासाघीस सुरू होते आणि घेतलेला निर्णय पुन्हा डळमळू लागतो.